मेणवली: कृष्णाकाठचे दुमजली घर

मेणवली हे कृष्णेच्या काठचे लहानसे गाव आहे. वाईहून धोमकडे जाणाऱ्या रस्त्याने तीनेक किलोमीटर गेले की ते लागते. वाई वाढत वाढत गावाच्या दिशेने सरकल्यामुळे आज मेणवलीला वाईचे शांत उपनगर म्हटले तरी चालेल. गावातल्या अरुंद रस्त्यांतून पुढे गेले की समोर उंच, जवळजवळ बिनखिडक्यांची भिंत उभी राहते. हा नाना फडणवीसांचा वाडा. दुमजली, सहा चौकांचा, मागच्या अंगाला नदी आणि नदीला चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट.

पर्यटक याला राजवाडा समजतात, चित्रपटवाले हवेली म्हणून दाखवतात. मुळात मात्र हे एका मोठ्या कुटुंबाचे राहते घर आहे. त्यात स्वयंपाकघर आहे, देवघर आहे, धान्य साठवायच्या जागा आहेत, पाहुण्यांची बैठक आहे आणि नदीवर जायचे मागचे दार आहे. पेशवाईत असे घर कसे बांधत आणि ते चालवत कसे, हे समजून घ्यायला सातारा जिल्ह्यात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

पाण्याची वाट

या घराची गोष्ट महाबळेश्वरात सुरू होते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेकडे जोरच्या खोऱ्यात. डोंगरांच्या दोन भिंतींमधून ती बलकवडी, धोम असा प्रवास करत मेणवलीला येते, मग वाईला. वेण्णा वेगळ्या वाटेने जाऊन साताऱ्याजवळ माहुलीला तिला मिळते, तर कोयना थेट कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर.

महाबळेश्वरात वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने बत्तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो एक हजारही भरत नाही. पसरणीचा घाट उतरताना एखाद्या वळणावर धुके मागे राहते आणि समोर ऊन पडलेले असते, इतकी ही सीमा स्पष्ट आहे. घर बांधणाऱ्यांच्या दृष्टीने तिला फार महत्त्व होते. वरच्या पावसात मातीची भिंत टिकवणे अवघड, खाली वाईच्या खोऱ्यात ती शेकडो वर्षे उभी राहते. पाणी मात्र वरच्या पावसाचे मिळते. कमी पावसाच्या गावात बारमाही नदी हे वाईच्या खोऱ्याचे भाग्य आहे, आणि इथले घाट, देवळे, वाडे सगळे त्याच्याच आधाराने उभे राहिले.

नदी तशी आडदांडही होते. वर मुसळधार कोसळले की खाली ऊन असतानाही पाणी चढते. म्हणून मेणवलीत वाडा काठाच्या उंच भागावर आहे आणि वाडा व पाणी यांच्यामध्ये घाटाच्या पायऱ्यांची मोठी उतरंड आहे. पुराने कितीही पायऱ्या बुडवल्या तरी पहिला मार दगडाने खायचा, मातीच्या भिंतीपर्यंत पाणी पोहोचू द्यायचे नाही, असा हा हिशेब. हीच नदी पुढे सांगलीला सपाटीवर पसरते आणि तिथे हा हिशेब फार अवघड होतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. मेणवलीला उंच काठ लाभला आणि बांधणाऱ्यांनी त्याचा मान ठेवला.

इनाम आणि कारभारी

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म साताऱ्याचा, 12 फेब्रुवारी 1742 चा. घराणे मूळचे कोकणातले. फडणवीस हे पुढे आडनाव झाले असले तरी ते हुद्द्याचे नाव. फडाचे, म्हणजे सरकारी दफ्तराचे, हिशेब आणि कागद सांभाळणारा तो फडणवीस. पानिपतावरून 1761 मध्ये जिवानिशी परतलेला हा तरुण पुढे चाळीस वर्षे पुण्याच्या कारभाराच्या केंद्राजवळ राहिला.

मेणवली गाव त्यांना 1768 साली मिळाले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते दिले. त्यानंतर नानांनी इथे वस्ती नीट बसवली आणि वाडा, घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे बांधली. पुण्यात शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा हे त्यांचे कामाचे घर, आणि मेणवलीचे स्वतःच्या गावातले, स्वतःच्या नदीवरचे.

सवाई माधवराव पेशव्यांचा 27 ऑक्टोबर 1795 रोजी मृत्यू झाला आणि पुण्यात गादीवरून धामधूम उडाली. तेव्हा नाना पुणे सोडून साताऱ्याकडे, तिथून वाईला आणि पुढे डोंगर उतरून महाडला गेले. वाईचे खोरे हे देश आणि कोकण यांच्यामधल्या वाटांवरचे आहे, हे त्या प्रवासावरून लक्षात येते. मागे प्रतापगड, रायगड आणि पुढे साताऱ्याचा मोकळा मुलूख. मेणवलीची शांतता राजकारणापासून फार लांब नव्हती.

बाहेरून बंद, आतून उघडे

वाड्याची दर्शनी भिंत पाहून आतल्या उजेडाची कल्पना येत नाही. दरवाजा भक्कम लाकडाचा. मोठी फाटके रोज उघडत नसत, त्यातल्याच एका फाटकात कापलेल्या लहान दिंडीतून वाकून आत यायचे. वाकल्याशिवाय आत येता येत नाही, यात मान आहे तसा बंदोबस्तही आहे: शस्त्र घेऊन धावत आत घुसणे दिंडीतून जमत नाही. दारामागे भिंतीच्या पोटात सरकणारा अडसर. आत दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओसऱ्या.

तिथून पुढे पहिला चौक लागतो आणि घर खऱ्या अर्थाने सुरू होते. चौक म्हणजे नुसते अंगण नव्हे. जाड भिंतींच्या घरात उजेड, वारा आणि पाऊस ज्या वाटेने येतात ती ही मोकळी जागा. दिवसा चौकातली गरम हवा वर उठते आणि भोवतीच्या सोप्यांतून थोडी गार हवा ओढली जाते. रात्री उलट, थंड हवा चौकात उतरून साचते. वैशाखात दुपारी रस्त्यावरून आत आलेल्या माणसाला हा फरक अंगावर जाणवतो.

पावसाचे पाणी चारही बाजूंच्या पागोळ्यांतून चौकात पडते. तिथली दगडी फरशी मधल्या भागात किंचित उतरती ठेवलेली असते आणि एका कोपऱ्यातून पन्हळीवाटे पाणी बाहेर जाते. ही पन्हळ तुंबली की सगळे घर संकटात. जोती चौकापेक्षा उंच का असतात, याचे उत्तर अशा एका पावसात मिळते.

सहा चौक असले तरी सगळ्यांचा दर्जा सारखा नसतो. बाहेरचे चौक येणाऱ्या-जाणाऱ्यांचे, कारकुनांचे, फिर्यादींचे. मधले घरच्या पुरुषांचे आणि पाहुण्यांचे. मागचे बायकांचे, स्वयंपाकाचे, धुण्याभांड्याचे. एखादा माणूस किती चौक ओलांडून आत येऊ शकतो, यावरून त्याचे त्या घराशी नाते कळे. दारावर पाटी लावायची गरज नव्हती.

खाली संसार, वर बैठक

दुमजली घराचा खालचा मजला वजनाचा असतो. दळण, कांडण, पाणी, सरपण, धान्य हे सगळे तिथे. माजघर हे घराचे पोट: अंधारे, थंड, बाहेरच्या भिंतीपासून दूर. धान्य बळदात, म्हणजे भिंतीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये ठेवलेल्या बंद पोकळीत, वरून ओतायचे आणि खालच्या बुचातून काढायचे. उखळ जमिनीत पुरलेले, जाते एका कोपऱ्यात कायमचे, पाटा-वरवंटा दाराजवळच्या उजेडात. स्वयंपाकघरात चुलीशेजारी वैल, म्हणजे चुलीच्या उरलेल्या आचेवर चालणारे दुसरे तोंड; आमटी तिथे उकळत राहायची. देवघर स्वयंपाकघराला लागून, कारण सोवळ्यात दोन्हीकडे वावरणारी माणसे तीच.

भिंती इतक्या जाड, की त्यांच्या पोटात कपाटे, कोनाडे आणि जिनेसुद्धा मावतात. पेशवाई वाड्यातला भिंतीतला जिना अरुंद आणि काळोखा असतो. पायऱ्या चांगल्या उंच, एका वेळी एकच माणूस, तोही दोन्ही हातांनी चाचपडत. वरच्या तोंडाला झडप असली आणि ती खाली सोडली की वरचा मजला खालच्यापासून तुटला. आज वयस्क माणसे या जिन्याला कंटाळतात, पण वाड्याच्या संरक्षणाचा तो महत्त्वाचा भाग होता.

वर गेले की घर बदलते. लाकडी खांबांच्या रांगा, वर महिरपी, उजेड देणाऱ्या खिडक्या. सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते खांब आणि त्यांच्या माथ्याशी कोरलेली केळफुले ही या काळाची ओळख. दिवाणखाना वरच का, याचे उत्तर व्यवहारी आहे: वारा वर, ओल खाली. बैठकीची जाजमे, गाद्या, कागदपत्रे ओलीपासून लांब ठेवायची तर वरचा मजलाच योग्य. खलबते करायलाही तोच. खालून वर कोण येतो हे जिन्यावर कळते.

मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत. देवादिकांची आणि पुराणकथांची ही चित्रे पेशवाईतल्या भित्तिचित्रांच्या परंपरेतली. वाईत सरदार रास्त्यांच्या मोतीबागेतही अशी चित्रे आहेत. या भागातली संपन्न घरे भिंतींना नुसता चुना लावून थांबत नसत. ओल, धूर आणि नावे कोरणारे हात यांनी अशा चित्रांचे फार नुकसान झाले आहे. त्यांतले शेवटचे कारण पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून ते सगळ्यांत क्लेशकारक.

लाकूड, माती, चुना

वाड्याचे मोजमाप खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पाच खणी सोपा, सात खणी दिवाणखाना असे म्हटले की जाणत्या माणसाला खोलीची लांबी कळे. घराच्या वाटण्याही खणांत होत.

बांधणीचे तर्कशास्त्र असे की वजन लाकूड पेलते आणि भिंत घर बंद करते. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर फळ्या किंवा किलच. त्याच्यावर मातीचा जाड थर चोपून वरच्या मजल्याची जमीन करायची आणि शेणाने सारवायची. या मातीमुळे वरच्या मजल्यावर मूल नाचले तरी खाली धप्प असा बसका आवाज येतो, आणि उन्हाळ्यात खालची खोली थंड राहते. तोटाही तिच्यातच आहे. छत गळू लागले की ही माती पाणी पिते, जड होते आणि कड्यांच्या भिंतीत रुतलेल्या टोकांना ओल देत राहते. लाकूड मधोमध ठणठणीत असते, पण टोकाला भुसा होतो. वाडे कोसळतात ते बहुधा असे.

भिंत खाली घडीव काळ्या दगडाची, वर विटांची आणि मातीची, बाहेरून चुन्याची. चुना घाणीत मळायचा. दगडी वर्तुळाकार चरातून बैल जड चाक फिरवत आणि वाळू-चुना तासन् तास घोटला जाई. मग तो मुरत ठेवायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, तागाचे धागे असे जिन्नस घालायची पद्धत महाराष्ट्रभर होती. हिरडा तर जावळी-महाबळेश्वरच्या जंगलातला हक्काचा माल. चुन्याची भिंत आतली ओल हळूहळू बाहेर सोडते. सिमेंट सोडत नाही. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की बाहेरून घर नवे दिसते आणि आत भिंत कुजायला लागते. गेल्या पन्नास वर्षांत हौसेने केलेल्या अशा दुरुस्त्यांनी जेवढे वाडे खाल्ले, तेवढे पावसानेही खाल्ले नसतील.

मागचे दार

वाड्याची पाठ नदीकडे आहे, आणि मागच्या दारातून थेट घाटावर जाता येते. आज नदीकाठी घर घेणारा प्रत्येक जण दर्शनी खिडकीतून पाणी दिसावे असा आग्रह धरतो. वाडा बांधणाऱ्यांनी नदीला देखाव्याची जागा दिली नाही, वापराची दिली. पहाटेची अंघोळ, संध्या, पाणी भरणे, धुणे, देवदर्शन यांसाठी घरातल्या माणसांना मुख्य रस्त्यावर यावे लागत नसे. दार उघडले की पायऱ्या आणि पायऱ्या उतरले की पाणी.

मराठीत घाट हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि या खोऱ्यात ते दोन्ही अर्थ हाताशी आहेत. वर डोंगर चढायचा पसरणीचा घाट, खाली पाण्यात उतरायचा कृष्णेचा घाट. दोन्हींचे काम एकच: चढउतार माणसाच्या पावलांना झेपेल असा करणे. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या सबंध लांबीभर एकसारख्या वळतात, त्यामुळे पाणी कितीही खाली गेले तरी कुठली ना कुठली पायरी त्याला लागून असते. बायका कपडे आपटायला तीच गाठतात. काठावरची झाडे दुपारी अर्धा घाट सावलीत ठेवतात.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी लहानशा चौथऱ्याच्या इमारतीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा याच परंपरेतल्या. मेणवलीत शंकराच्या दारी मेरीची आकृती गेली कित्येक पिढ्या आहे आणि गावाला त्यात काही वावगे वाटलेले नाही.

नदी मात्र पूर्वीची राहिलेली नाही. मेणवलीच्या वरच्या अंगाला धोम धरण झाले आणि पुढे बलकवडीचे. पावसाळ्यातले पहिले लोंढे आता धरण अडवते आणि उन्हाळ्यात पाणी आवर्तनानुसार सुटते. शेतीला याचा मोठा फायदा झाला, खोऱ्यात ऊस वाढला. घाटाच्या दृष्टीने मात्र पाणी केव्हा कुठल्या पायरीला लागेल हे आता पंचांगावरून कळत नाही, धरणाच्या दरवाजांवरून कळते.

घर चालवणारे हात

एवढे मोठे घर घरच्या माणसांच्या कष्टांवर कधीच चालले नाही. गाव इनाम होते, म्हणजे गावचा वसूल घराकडे येत होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार वर्षाच्या धान्यावर राबत. कोळी पाणी भरत. गवंडी आणि त्याचे बिगारी दर वर्षी कुठला ना कुठला कोपरा बांधत. महार, मांग यांच्याकडे सरपण आणणे, निरोप पोहोचवणे, राखण अशी कामे असत आणि त्यांना दिंडीच्या आत फार पुढे येता येत नसे. कुठल्या चौकापर्यंत कोण, हा नियम सगळ्यांत कठोरपणे त्यांच्यावर चाले. वाड्याच्या रचनेचे कौतुक करताना ही गोष्ट वगळली तर ते कौतुक अर्धवट राहते.

आतल्या बायकांचे जगणेही याच भिंतींनी आखलेले. सोवळे-ओवळे, विटाळाची वेगळी जागा, बाळंतिणीची अंधारी खोली, विधवेच्या वाट्याला आलेले कोपरे. नानांच्या मृत्यूनंतर, म्हणजे 13 मार्च 1800 नंतर, त्यांची पत्नी जिऊबाई मागे राहिली. ती तेव्हा वयाने अगदी लहान होती. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या हाती पडू नये म्हणून तिला लोहगडच्या आश्रयाला जावे लागले आणि इंग्रजांशी बोलणी होऊन तिच्या निर्वाहाची सोय झाली. राज्य चालवणाऱ्या माणसाच्या घराचा वारसा एका मुलीच्या नावावर तगला, हे मेणवलीच्या इतिहासातले ठळक सत्य आहे. वाडा दाखवताना तिचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते घेतले पाहिजे.

रुमालांतले कागद

फडणवीसाचे घर म्हणजे कागदांचेही घर. पत्रे, हिशेब, ताळेबंद मोडी लिपीत लिहिलेले, घडी घालून कापडी रुमालांत बांधलेले. नानांच्या कागदांचा मोठा साठा मेणवलीत राहिला आणि इतिहासाच्या अभ्यासकांत तो मेणवली दफ्तर म्हणून ओळखला जातो. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी या कागदांचे मोल ओळखले. त्यांनी 1908 पासून ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालवले आणि अस्सल कागद छापून लोकांपुढे ठेवले. त्यांचे साताऱ्यातले संग्रहालय पुढे 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले.

याच पारसनिसांनी 1916 मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीतून पुस्तक लिहिले. एकाच माणसाला खालचे दफ्तर आणि वरचे थंड हवेचे ठिकाण दोन्ही खुणावत होते, यात नवल नाही. या खोऱ्यात वर आणि खाली ही एकाच प्रदेशाची दोन टोके आहेत.

वर बंगला, खाली वाडा

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनी 1829 मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तिथे माल्कम पेठ वसली आणि घरांचा एक वेगळाच नमुना या डोंगरावर आला: बंगला.

बंगला म्हणजे वाड्याची उलटी केलेली रचना. वाड्यात मोकळी जागा मध्ये आणि घर भोवती. बंगल्यात घर मध्ये आणि मोकळी जागा भोवती. वाडा भिंत लोकांकडे करतो, बंगला व्हरांडा. महाबळेश्वरचे जुने बंगले बहुतेक एकमजली, जांभ्या दगडाचे, उतरत्या छपराचे. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताची झापे बांधायची आणि घर बंद करून खाली उतरायचे, कारण तिथे वर्षातले चार महिने राहायचेच नसे. वाड्याला अशी सुटी नव्हती. त्यात बारा महिने, तीन-चार पिढ्या एकाच वेळी राहणार, जन्म-मृत्यू तिथेच होणार, असे धरूनच तो बांधलेला.

आज वाई, पाचगणी आणि धोम जलाशयाच्या आसपास जी दुमजली घरे उठत आहेत, त्यांनी दोन्हींतले नेमके गैरसोयीचे उचलले आहे. बंगल्यासारखे चहूबाजूंनी उघडे, पण व्हरांड्याशिवाय, म्हणून उन्हात तापणारे. वाड्यासारखे दोन मजल्यांचे, पण चौकाशिवाय, म्हणून मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागणारे. पाण्याच्या जितके जवळ तितकी किंमत जास्त, हा त्यांचा नियम. मेणवलीच्या घाटाने आखून दिलेले अंतर कोणी मोजत नाही.

शाकारणी

मोठ्या घराचे आयुष्य छपरावर ठरते. पूर्वी कुंभाराने भाजलेली नळीची कौले असत. ती रचून बसवलेली, खिळे न मारलेली, त्यामुळे वारा, मांजरे, माकडे सगळे त्यांना हलवतात. वाईच्या घाटांवर माकडांची वस्ती मोठी आहे. दर वर्षी मृगाच्या आधी कौले उतरवायची, फुटकी काढायची, खालचे वासे पाहायचे आणि पुन्हा रचायची; याला घर शाकारणे म्हणतात. एक वर्ष शाकारणी चुकली तर एखादा वासा भिजतो. तीन वर्षे चुकली तर त्याच्याखालची तुळई. पाच वर्षांनी चौकाच्या त्या बाजूला जायला लोक घाबरू लागतात.

मेणवलीचा वाडा आजही खासगी मालकीचा आहे. अशा वाड्यांची अडचण सर्वत्र सारखीच. वारस वाढतात, खण वाढत नाहीत. हिस्सेदार पुण्यामुंबईला, कोणी परदेशी. एका खणाचे छत दुरुस्त करायचे तर शेजारच्या खणाच्या मालकाची संमती हवी, कारण तुळई दोघांची. सागवान महाग, चुना मळणारे गवंडी दुर्मीळ, आणि नळीची कौले करणारे कुंभार बहुतेक ठिकाणी हा धंदा सोडून गेलेले. म्हणून कोणी पत्रा टाकतो, कोणी भिंतीत लोखंडी गर्डर घालतो. घर पडण्यापेक्षा ते बरे, पण प्रत्येक अशा दुरुस्तीने मूळ रचना थोडी थोडी हरवते.

चित्रपटांनी मेणवलीला नवी ओळख दिली. 2004 सालच्या ‘स्वदेस’मधले चरणपूर गाव इथल्या वाड्याने आणि घाटाने उभे केले. वाईच्या घाटांवर त्याआधीही आणि नंतरही अनेक चित्रपट झाले. चित्रीकरणाने गावात चार दिवस पैसा येतो आणि वाड्याकडे लोकांचे पाय वळतात. येणाऱ्यांपैकी बरेच जण घाटावर छायाचित्र काढून अर्ध्या तासात परततात. घंटेवरचे साल वाचायला थांबणारे थोडे.

वाईत मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. कृष्णाकाठच्या शांततेचा उपयोग ज्ञान साठवायला होऊ शकतो, हे या गावाने एकदा करून दाखवले आहे. वाड्यांच्या बाबतीतही तसे काम करण्यासारखे आहे. खोऱ्यातल्या प्रत्येक वाड्याचे खण मोजून नकाशे काढणे, चुना मळणाऱ्या गवंड्यांकडून आणि कौले रचणाऱ्यांकडून त्यांची हातोटी नव्या पोरांना शिकवणे, हिस्सेदारांना एकत्र बसवून निदान छपराचा खर्च सामाईक करणे. यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. मेणवलीला जाणाऱ्यांनी भिंतीला हात न लावता चित्रे पाहावीत, मागच्या दाराने घाटावर उतरावे, आणि ज्यांच्या स्वतःच्या गावी जुने घर उभे आहे त्यांनी येत्या मृगाच्या आधी त्याची कौले चाळून घ्यावीत.